"राहून गेलं" की "मी लिहिलं नाही"?

"मॅडम, मुलीचं नाव फॉर्ममध्ये राहून गेलं होतं. आता तिला तिकडे नेता येईल का?"

डिसेंबर २०२३ मधली दुपार होती. पुण्यात नळ स्टॉपजवळच्या माझ्या खोलीत बसलेली बाई चौतीस-पस्तिशीची. तिला आपण मनीषा म्हणू. तिचं आणि घरच्यांचं नाव, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहिण्याआधी तिला आणि तिच्या मुलीला, दोघींनाही विचारलं आहे. मनीषा कॅनडातल्या कॅलगरीहून पाच आठवड्यांच्या सुट्टीवर आली होती. फोनवर वेळ घेताना "झोप लागत नाही" एवढंच म्हणाली होती. समोर बसल्यावर मात्र झोपेचा विषयच निघाला नाही.

माझं काम कुटुंबांचं समुपदेशन. व्हिसा आणि पीआर, म्हणजे परदेशात कायम राहण्याची परवानगी, हा माझा प्रांत नव्हे. पण कोथरूडला जा, सिंहगड रोडला जा नाहीतर पिंपळे सौदागरला, दर दोन-चार घरांमागे कुणीतरी परदेशी असतं. त्या कागदांमागची भीती आणि अपराधीपण फिरून आमच्याकडेच येतं. म्हणून समजून घेण्यापुरतं मी शिकून घेतलं आहे. कायद्याचा सल्ला मात्र मी देत नाही, त्यासाठी माणसाला तिथल्या परवानाधारक व्यक्तीकडेच पाठवते.

मनीषाचं पहिलं लग्न भोर तालुक्यात झालं. २०११ साली सई झाली. २०१४ मध्ये पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. सईचा ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क. मनीषा धायरीला माहेरी आली, एका लॅबमध्ये नोकरीला लागली. सईला आजीच सांभाळायची. २०१६ मध्ये हेमंतचं स्थळ आलं. तो कॅनडाचा पीआर, त्याचंही दुसरं लग्न. सईबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याची हरकत नव्हती. फक्त बैठकीत त्याच्याकडच्या कुणीतरी विचारलं, "मुलगी सध्या आजीकडेच राहील ना?" त्या "सध्या"वर सगळ्यांनी मान डोलावली आणि सुपारी फुटली.

फाईल एका एजंटनं भरली. तो म्हणाला, मुलगी आत्ता जाणार नाही ना, मग तिचं नाव कशाला घालता? नाव घातलं की तिचं मेडिकल आलं, बापाची सही आली, फाईल लांबली. आधी तुम्ही जा, मग तिला मागवून घ्या.

मनीषानं विश्वास ठेवला. जानेवारी २०१८ मध्ये ती कॅलगरीला उतरली. सई तेव्हा पहिलीत होती. २०२० मध्ये मनीषाला मुलगा झाला, अर्णव. सई व्हिडिओ कॉलवर भावाला बघायची, त्याला बडबडगीतं म्हणून दाखवायची. २०२३ च्या दिवाळीनंतर ती कॉलवर येईनाशी झाली. त्याच सुमाराला आजी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. मामीच्या पदरी स्वतःची दोन लहान मुलं. तिनं वाईट शब्दांत नाही, पण स्पष्ट सांगितलं, "ताई, आता माझ्यानं एकटीनं नाही व्हायचं."

म्हणून मनीषा आली होती. आणि तिला झोप न येण्याचं कारण वेगळंच होतं. सईला मागवायला अर्ज करायचा म्हणजे सई आहे हे सांगायचं. सई आहे हे सांगितलं की विचारणार, मग तेव्हा का नाही सांगितलंत? "मॅडम, मलाच परत पाठवतील का? अर्णव तिथला नागरिक, मी इथे, हेमंत तिथे, असं होईल का?"

हा प्रश्न घेऊन येणारी मनीषा पहिली नाही, म्हणून आधी नियम सांगते.

कॅनडाच्या पीआरच्या अर्जात आपलं प्रत्येक अवलंबून मूल दाखवायचं असतं. सोबत येणारं तर खरंच, पण न येणारंसुद्धा. पहिल्या लग्नाचं, आजीकडे वाढणारं, घटस्फोटानंतर दुसऱ्या पालकाच्या ताब्यात गेलेलं, सगळी मुलं. न येणाऱ्या मुलाचीही वैद्यकीय तपासणी आणि बाकीची छाननी व्हावी लागते. "ज्याला न्यायचं नाही त्याचं नाव कशाला" हा आपल्याकडचा समज इथेच घात करतो. जे मूल दाखवलं नाही आणि त्यामुळे तपासलं गेलं नाही, त्याला पुढे कौटुंबिक वर्गात स्पॉन्सर करता येत नाही, म्हणजे नात्याच्या आधारावर, आपल्या हमीवर बोलावून घेता येत नाही. तिथल्या इमिग्रेशन नियमावलीतलं ११७(९)(डी) हे ते कलम, २००२ पासून लागू आहे. त्याला मुदत नाही. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी ते आपोआप सुटत नाही. नाव का लिहिलं नाही, हेही ते कलम विचारत नाही. लाजेनं लपवलं, एजंटनं चुकवलं की ठरवून दडवलं, परिणाम तोच. फिलिपिन्समधून आलेल्या एका आईनं वडिलांकडे राहणाऱ्या आपल्या दोन मुलांचा उल्लेख केला नव्हता. ती पुढे कॅनडाची नागरिक झाली, मुलांना बोलावू पाहिलं आणि अडली. २००५ साली फेडरल कोर्ट ऑफ अपीलनं तिचं प्रकरण ऐकून हा नियम वैधच ठरवला.

२०१९ मध्ये एक दार किलकिलं झालं. त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरपासून कॅनडा सरकारनं एक सवलतीचं धोरण आणलं. जे लोक निर्वासित म्हणून गेले, ज्यांना तिथे संरक्षण मिळालं, किंवा जे स्वतःच कुणाचे तरी जोडीदार अथवा अवलंबून मूल म्हणून स्पॉन्सर होऊन गेले, त्यांनी न दाखवलेल्या जोडीदाराला किंवा मुलाला या कलमातून सूट मिळू शकते. अट अशी की ते मूल तेव्हाच दाखवलं असतं तरी अर्जदार पात्र ठरला असता, असं असायला हवं. या धोरणाची मुदत वाढवत आणली आहे, ती १० सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. ज्यांची अशी अडचण आहे त्यांनी ही तारीख डोक्यात ठेवून आजच हालचाल करावी, असं मी कळकळीनं सांगते.

मनीषा पत्नी म्हणून स्पॉन्सर होऊन गेली होती. पत्नीच्या अर्जात शिक्षणाचे, वयाचे गुण मोजत नाहीत. सईचं नाव लिहिलं असतं तरी तिची पात्रता गेली नसती. म्हणजे जे लपवून तिला काहीही जास्तीचं मिळणार नव्हतं, ते तिनं लपवलं होतं. तिला हे तिच्या वकिलांनी व्हिडिओ कॉलवर समजावलं तेव्हा मी शेजारी होते. मला वाटलं, तिला हायसं वाटेल. ती त्या दिवशी सगळ्यात जास्त रडली.

सगळ्यांना ही वाट मिळत नाही, हेही सांगायला हवं. हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे नोकरी-शिक्षणाच्या गुणांवर, त्यांची पीआर मंजूर झाली आणि तिकडे जाऊन लँड होण्याआधी, म्हणजे कॅनडात उतरून ती पक्की होण्याआधी, बाळ झालं. कळवलं तर सगळं परत पहिल्यापासून होईल या भीतीनं त्यांनी कळवलं नाही. बाळाला आजी-आजोबांकडे ठेवून दोघं जाऊन लँड होऊन आली. अर्ज भरल्यानंतर लँड होईपर्यंत घरात जन्म, लग्न, घटस्फोट काहीही झालं तरी ते कळवावं लागतं. नोकरी-शिक्षणाच्या गुणांवर गेलेल्यांना २०१९ चं ते धोरण लागू होत नाही. त्यांना मानवतेच्या आणि सहानुभूतीच्या आधारावर, म्हणजे मूळ कायद्याच्या कलम २५ खाली विनंती करावी लागते. त्यात मुलाच्या हिताचा विचार करणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तो विचार नुसता उल्लेखापुरता नको, नीट तपासून केलेला हवा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये बजावलं आहे. पण विनंती ती विनंतीच, तिची हमी कुणी देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहा.

अमेरिकेत मूल असं आपोआप कायमचं बाद होत नाही. तिथे ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक पालक मुलासाठी अर्ज करू शकतो, पण आधीच्या कागदांत मूल का नव्हतं, ते जाणूनबुजून लपवलं का आणि त्याचा निर्णयावर परिणाम झाला असता का, हे विचारलं जातं. एका देशात गेलेल्या भावाचा अनुभव दुसऱ्या देशात गेलेल्या बहिणीला लावू नये, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता मनीषाची भीती. खोट्या माहितीचं कलम वेगळं आहे, मूळ कायद्यातलं कलम ४०. त्यात पाच वर्षांची अपात्रता येते. पीआर धोक्यात येऊ शकते, आणि नागरिकत्व मिळालेलं असलं तरी फसवणुकीच्या कारणावरून ते काढून घेता येतं. तेव्हा तिची भीती उगीचची नव्हती, आणि "काही होत नाही गं" असं मी तिला म्हटलं नाही. तिच्या वकिलांचं म्हणणं असं पडलं की माहिती लपवून तिला कोणताही फायदा झाला नव्हता आणि ती आपणहून पुढे येते आहे, त्यामुळे तिची बाजू सांगण्यासारखी आहे. मात्र सगळं खरं सांगायचं. एकही ओळ सोडायची नाही.

हे वकील शोधायला दोन आठवडे गेले, कारण मनीषाच्या भावाच्या डोक्यात दुसराच मार्ग होता. आणखी एका एजंटनं त्याला सुचवलं होतं, सईला मामा-मामीनं दत्तक घ्यायचं, मग "भाची" म्हणून शिक्षणाच्या व्हिसावर आत्याकडे पाठवायचं. भाऊ वाईट माणूस नाही. बहिणीवर किटाळ येऊ नये म्हणून तो स्वतःचं नाव पुढे करत होता. मी त्यालाही बोलावून घेतलं.

"दादा," मी म्हटलं, "सईच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव काय आहे?"

"मनीषाचं."

"शाळेच्या जनरल रजिस्टरला?"

"तेच."

"कोर्टाच्या हुकूमनाम्यात?"

तो गप्प झाला.

पहिल्या वेळी एका बाईनं एका कागदावर चूक केली होती. या मार्गानं गेलं असतं तर आजी, मामा, मामी आणि बारा वर्षांची पोर, सगळ्यांना आयुष्यभर एकच गोष्ट न चुकता सांगावी लागली असती. आणि सईला आईच्याच घरात आईला आत्या म्हणावं लागलं असतं. मी अशी मुलं पाहिली आहेत. त्यांचं काय होतं हे मला माहीत आहे, म्हणून मी त्या दिवशी आवाज चढवून बोलले.

कॅनडाच्या कामासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार तिथले वकील, वकिलांच्या संस्थेचे सदस्य असलेले पॅरालीगल, क्वेबेक प्रांतातले नोटरी आणि तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेकडे नोंद असलेले परवानाधारक सल्लागार यांनाच आहे. त्यांची नोंदवही कुणालाही पाहता येते. नाव टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. मनीषानं २०१६ मध्ये ती पाच मिनिटं घालवली नव्हती. भावानं या वेळी घालवली, आणि त्या एजंटचं नाव तिथे सापडलं नाही.

वकिलांनी पहिलं काम दिलं ते मनीषाला. सईचं नाव का दिलं नाही, याचं स्वतःच्या शब्दांतलं निवेदन. ते शपथेवर जाणार होतं. मी तिला म्हटलं, आधी मराठीत लिही. इंग्रजीत लिहायला बसलीस तर वाक्यं छान होतील आणि तू त्यांच्या मागे लपशील.

पहिला खर्डा दीड पानाचा होता. त्यात "एजंटनं सांगितल्यामुळे मुलीचं नाव राहून गेलं" असं होतं. दुसरा तीन पानांचा, पहिल्या नवऱ्याच्या दारूपासून सुरू झालेला. त्यातही शेवटी नाव "राहून गेलं". मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि त्या दोन शब्दांखाली पेन्सिलनं रेघ ओढली.

आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. दूध उतू जातं, कप फुटतो, नाव राहून जातं. करणारं माणूस वाक्यातून अलगद बाहेर पडतं. रोजच्या संसारात ही सोय हवीच, तिच्याशिवाय घरं चालायची नाहीत. पण मनीषानं जो फॉर्म भरला होता त्यात राहून जायला जागा नव्हती. कुटुंबाच्या माहितीच्या त्या फॉर्मवर मुलांचा भाग भरायचा नसेल, तर आपल्याला पोटचं किंवा दत्तक मूल नाही अशा मजकुराखाली वेगळी सही करावी लागते. तिथे तिची सही होती. तारीख होती.

"मनीषा, सही कुणी केली?"

"मी."

"वाचून?"

बराच वेळ गेला. "वाचून. एजंटनं बोट ठेवलं होतं त्या ओळीवर. मला इंग्रजी येतं मॅडम. मी लॅबमध्ये रिपोर्ट लिहायचे."

"मग तसंच लिही."

तिसरा खर्डा अकरा ओळींचा झाला. त्यातली पहिली ओळ अशी होती: "मला सई नावाची मुलगी आहे हे मला माहीत असताना मी मूल नाही या वाक्याखाली सही केली." पुढे कारणं होती, एजंट होता, बैठकीतलं ते "सध्या" होतं, घटस्फोटित बाईला दुसरं स्थळ येणं म्हणजे काय असतं हेही होतं. सगळं खरं. पण आता ते पहिल्या ओळीच्या मागे उभं होतं, पुढे नाही. वकिलांनी भाषांतरात या निवेदनाला हात लावला नाही.

त्या रात्री ती सात तास झोपली. तिनं मला दुसऱ्या दिवशी मेसेज केला.

यात माझं एक चुकलं ते सांगते. सईला हे सगळं कसं सांगायचं याची आम्ही तयारी केली, पण तिला जायचं आहे का, हे मी गृहीत धरलं होतं. आई तिकडे आहे, भाऊ तिकडे आहे, मग मुलगी निघणारच. सई पहिल्यांदा आली ती शाळेच्या गणवेशात, पायात खो-खोचे बूट. मी विचारलं, "आईनं कशासाठी बोलावलंय माहीत आहे?"

"मला कॅनडाला न्यायचंय म्हणून."

"तुला काय वाटतं?"

"मला कुणी विचारलं नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती नुसतं सांगत होती.

मी मनीषाकडे पाहिलं आणि ते सत्र तिथेच थांबवलं. पुढची दोन सत्रं फक्त सईची झाली. आजीच्या औषधांच्या वेळा कुणाला पाठ आहेत, तिची टीम जिल्ह्याला गेली तर कर्णधार कोण, कॅलगरीत बर्फात खो-खो खेळता येतो का. आणि मग, खूप उशिरा, दिवाळीनंतर कॉल का बंद केले ते. अर्णव कॉलवर आईला विचारत होता, "मम्मा, ही दीदी कोण आहे?" आणि आई एक क्षण अडखळली होती. सईनं तो क्षण धरून ठेवला होता.

तिसऱ्या सत्राला दोघी एकत्र बसल्या. मनीषानं तिला फॉर्मचं सांगितलं. मी मध्ये पडले नाही. सईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं काय लिहिलेलं होतं? किती मुलं? तू शून्य लिहिलंस का ते रिकामं सोडलंस?"

"रिकामं सोडलं. आणि खाली, मूल नाही, अशी सही केली."

"म्हणजे शून्यच."

"हो."

मोठ्या माणसांनी इथे घाई केली असती, मिठी मारली असती, "पण मी तुला कधी विसरले नाही" म्हटलं असतं. मनीषाच्या ओठांवर ते आलं होतं, मला दिसलं. आम्ही ठरवलं होतं की सई बोलेपर्यंत थांबायचं, आणि ती थांबली. मिनिटभरानं सई म्हणाली, "तू मला आधी सांगायला पाहिजे होतंस. मी कुणाला सांगितलं नसतं." हे तिच्या वयाच्या मुलीचं उत्तर आहे. आईनं लपवलं याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त, आपल्याला त्यात भागीदार केलं नाही याचं.

आईबापांना मी हे नेहमी सांगते आणि इथेही सांगते. अर्ज सरकारकडे जाण्याआधी मुलाला कळू द्या. डीएनए चाचणी मागितली जाऊ शकते. मुलाची मुलाखत होऊ शकते. कागदात आपण नव्हतो हे त्याला एखाद्या क्लिनिकच्या बाकावर कळू नये.

तो खर्डा सईनं वाचायला मागितला. मनीषा घाबरली. मी म्हटलं, दे. अकरा ओळी सईनं दोनदा वाचल्या आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "माझ्या गैरहजेरीत सई आजीकडे सुखात होती" असं वाक्य होतं. "हे 'सुखात' तू कशावरून लिहिलंस?" मनीषानं तो शब्द खोडला. निवेदनात आता "आजीकडे होती" एवढंच आहे.

राहिले सईचे वडील. त्यांची संमती लागणार होती. सोबत न येणाऱ्या पालकाचं निवेदन असतं, ते नोटरीपुढे सही करून, ओळखपत्राच्या प्रतीसह द्यावं लागतं. मनीषाला वाटत होतं, ते अडवतील, पैसे मागतील. ते आले ते एकटेच, भोरहून पहिल्या एसटीनं, पांढरा शर्ट घालून. आता पीत नाहीत, दुसरं लग्न केलं नाही. दर गणपतीत सई दोन दिवस त्यांच्याकडे जाते. कागद त्यांनी वाचला, घडी घातला, परत उघडला. "मी सही केली की ती गेलीच ना, मॅडम?"

मी त्यांना खोटा धीर दिला नाही. म्हटलं, "लांब जाईल. भेट कमी होईल. तुमचं नाव मात्र तिच्या सगळ्या कागदांवर राहील, वडील म्हणून." आणि मनीषाला त्यांच्यासमोर विचारलं, कॉलचं काय, गणपतीचं काय. आठवड्यातून एक कॉल, दोन वर्षांतून एकदा गणपतीला भोर, हे लिहून ठरलं. कॅनडाच्या सरकारला त्या कागदाची गरज नव्हती, सईच्या वडिलांना होती. त्यांनी दुपारी सही केली आणि सईला शाळेतून आणायला गेले.

बाकीचं भराभर झालं. सईचा पासपोर्टच नव्हता, तो मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून काढला. मुलाला स्पॉन्सर करायला सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, त्यामुळे हेमंतची नोकरी मध्यंतरी सुटली होती त्याचा अडसर आला नाही. मुलाचा खर्च उचलण्याचं हमीपत्र मात्र द्यावं लागतं. क्वेबेक सोडून इतरत्र ते दहा वर्षांचं किंवा मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंतचं, यातलं जे आधी संपेल ते. सईचं वय आड येत नव्हतं. अविवाहित मूल बावीस पूर्ण व्हायच्या आत असावं लागतं, आणि वय पूर्ण अर्ज पोचल्याच्या दिवशीचं धरतात. ज्यांची मुलं वीस-एकवीसची आहेत त्यांनी एकेक कागदासाठी महिने घालवू नयेत.

अर्ज जून २०२४ मध्ये गेला. त्या आधी मनीषानं नव्या फॉर्मचं पान फोनवर सईला दाखवलं. मुलांच्या रकान्यात दोन नावं होती. वर सई, खाली अर्णव. सईनं पान मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "बाबांच्या नावात एक ए जास्त पडलाय." तो दुरुस्त करून मग फाईल गेली.

या ओळी लिहिताना सईचं मेडिकल झालं आहे, निर्णय यायचा आहे. ती नववीत आहे. जायचं की नाही याचं तिचं उत्तर मधल्या काळात दोनदा बदललं. सध्या ते "दहावी इथे करून" असं आहे आणि मनीषानं ते मान्य केलं आहे. सई दर दुसऱ्या शनिवारी येते, पण हल्ली कॅनडाबद्दल फारसं बोलत नाही. तिच्या डोक्यात आजी आहे. रात्री आजीला उठवून बाथरूमपर्यंत कोण नेणार, मामी किती करणार. गेल्या वेळी निघताना तिनं विचारलं, "आजीशी पण तुम्ही बोलाल का? ती माझ्यासमोर रडत नाही." पुढच्या शनिवारी ती आजीला रिक्षानं घेऊन येणार आहे. तळमजल्यावर बसता येईल अशी खोली मी शेजाऱ्यांकडे मागून ठेवली आहे.